जुन्या मॅसीला ‘फुल सिंथेटिक’ कशाला?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांसाठी जो लेख आला तो आमच्या घरात हातोहात फिरला, कारण भाच्यानं इंदूरजवळच्या देपालपूरकडच्या शेतीसाठी नुकतीच एक जुनी लाल मॅसी फर्ग्युसन १०३५ घेतलीय, ऐंशीच्या दशकातली, तीन सिलिंडरची, आणि सध्या घरात जेवताना-उठताना तोच विषय चालू आहे. लेखातलं कागदपत्रांचं, टायरचं, आरटीओचं सगळं ठीक, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ऑइलवर आल्यावर लेखकसाहेबांनी जे लिहिलंय, की आधी इंजिनात फ्लश मारा (म्हणजे आतून धुऊन काढा), मग बाजारातलं सगळ्यात महाग ५डब्ल्यू-३० ग्रेडचं फुल सिंथेटिक इंजिन ऑइल भरा आणि गेअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं गेअर ऑइल टाका की चाळीस वर्षांचं मशीन नव्यासारखं पळेल, ते वाचून राहवेना म्हणून हे पत्र. लांबणार आहे. कापाकापी केलीत तरी चालेल, फक्त गेअर ऑइलचा भाग तेवढा ठेवा.

मी शेतकरी नाही. पीथमपूरला कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता रिटायर. कंप्रेसर, जनरेटर, फोर्कलिफ्ट ह्यांच्या तेलात हात काळे करण्यात नोकरी गेली, त्यामुळे तेलाबद्दल कोणी काही ठोकून दिलं की मला गप्प बसवत नाही, घरचे वैतागतात.

तर पहिलं म्हणजे, कुठलं ऑइल टाकायचं हा प्रश्न नंतरचा. जुना ट्रॅक्टर दारात आला की लोक नारळ फोडतात, हार घालतात आणि लगेच ऑइलची नवीन बाल्टी आणायला सियागंजच्या बाजारात पळतात, अरे पण आत जे ऑइल आहे ते तुम्हाला फुकटात अख्ख्या इंजिनाची पत्रिका सांगतंय ती तर आधी वाचा. आम्ही काय केलं, गाडी रात्रभर उभी ठेवली, सकाळी स्टार्ट न करता इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं त्या चेंबरखाली स्टीलची परात ठेवली आणि ड्रेन प्लग पूर्ण न काढता दोन-तीन आटे फक्त ढिला केला. पाणी तेलापेक्षा जड, रात्रभरात ते तळाला बसलेलं असतं, म्हणून आधी तेच येतं. आमच्यातून आधी पाण्याचे थेंब आले, मग थोडा वेळ चॉकलेटी लापशी आणि मग काळं ऑइल. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, इतना तो सबमें निकलता है." सगळ्यांत निघत असेलही, पण कुठून आलं ते नको का बघायला? रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग आहे का बघितलं, नव्हता. पाणी कमी होतंय का बघितलं, होत नव्हतं. मग वर बघितलं तर उभ्या सायलेन्सरवर झाकणच नाही, म्हणजे विकणाऱ्याच्या अंगणात अख्खा पावसाळा ती नळी आभाळाकडे तोंड करून उभी. एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व उघडा राहिला असेल तर पावसाचं पाणी तिथून पिस्टनवर आणि रिंगांतून खाली चेंबरमध्ये. जुने लोक सायलेन्सरवर उलटा डबा घालायचे तो काही शोभेला नाही घालायचे. हेड गॅस्केट गेलं असतं तर मामला वेगळा होता, तेव्हा मग कितीही भारी ऑइल ओता, दोन दिवसांत त्याचं ताक.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा, जुन्या तव्यावर चांगला ताव आला की त्या ऑइलचा एक थेंब टाका, चडचडला तर पाणी आहे. जुनाच तवा घ्या, घरातला घेतलात तर पुढचं माझ्यावर नका टाकू.

दुसरं बघायचं डिझेल. डिपस्टिकवरची पातळी न भरता वाढलेली दिसली आणि बोटाला पातळ लागून डिझेलचा वास आला तर समजा की डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. फीड पंपाचा डायफ्राम फाटलेला असतो किंवा डिझेल इंजेक्शनचा पंप रोटरी असेल तर त्याच्या शाफ्टचं सील गेलेलं असतं, तिथून डिझेल टायमिंग कव्हरमध्ये आणि तिथून खाली. आपल्याकडे लोकांना ऑइल वाढलं की आनंद होतो, "गाडी ऑइल खातच नाही" म्हणून सांगत फिरतात! खात नाही कारण खातंय त्याच्यापेक्षा जास्त डिझेल येतंय. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला घेऊन बसतं. प्रयोगशाळा लागत नाही ह्याला, फिल्टर पेपरवर किंवा पांढऱ्या टिश्यूवर गरम ऑइलचा एक थेंब टाकून तासाभरानं बघा, मधे काळा डाग आणि भोवती करडी पसरलेली कड असेल तर ठीक, मधेच डांबरासारखा गोळा बसून कड नसेल तर ऑइलची काजळी धरून ठेवायची ताकद संपली, आणि बाहेर दूरपर्यंत पिवळट फिकट रिंगण गेलं असेल तर डिझेल. आपल्या पेपरवर ही परीक्षा करू नका, त्यावर आधीच बरंच काळं छापलेलं असतं.

हे झालं की मग ग्रेड. लेखकसाहेबांचं ५डब्ल्यू-३०. आता ५डब्ल्यू म्हणजे कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली तीस डिग्रीला सुद्धा इंजिन फिरावं म्हणून केलेलं ऑइल. १५डब्ल्यूची परीक्षा उणे वीसला होते, २०डब्ल्यूची उणे पंधराला. आपल्या माळव्यात जानेवारीत पारा सहा-सातवर आला तरी पेपरात हेडलाइन होते. इथं ५डब्ल्यूचे पैसे कोणत्या बर्फासाठी द्यायचे? आणि मागचा ३० चा आकडा अजून वाईट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर हे ऑइल ४० पेक्षा पातळ. चाळीस वर्षं घासलेल्या बेअरिंगमधली फट मोठी झालेली असते, तिथं थर टिकायला हवा. गरम आणि दाबाखाली थर किती टिकतो ह्याचं एक माप असतं, १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ला ते किमान ३.७ लागतं, आणि आजकालच्या मोटारींसाठी जे मायलेज वाढवणारे ५डब्ल्यू-३० येतात त्यांत पुष्कळांचं ३ च्या आसपास असतं. म्हणजे आपण जास्त पैसे देऊन पातळ थर विकत घेतो.

माझं मत विचाराल तर माळव्यातल्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरला साधं मिनरल १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० डिझेल इंजिन ऑइल, सीआय-४ दर्जाचं, नाहीतर सीएच-४, बस. १५डब्ल्यू-४० थंडीत जरा सोपं जातं, २०डब्ल्यू-४० उन्हाळ्यात थ्रेशरवर दिवसभर चालणाऱ्यांना आवडतं, फरक फार नाही. ह्या ट्रॅक्टरच्या जमान्यात सीसी, सीडी असे दर्जे होते ते अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं कधीच मोडीत काढले, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीके-४ २०१६ चा. आणि "नवीन दर्जाचं ऑइल जुन्या इंजिनाला मानवत नाही" हे जे पारावर ऐकू येतं ते सी मालिकेत तरी खरं नाही, पुढचा दर्जा मागच्याचं काम करतो. अपवाद एफए-४, ते मुद्दाम पातळ केलेलं आहे आणि नव्या ट्रकांसाठी आहे, ते चुकून उचलू नका. जुन्या पुस्तकांत ऋतूप्रमाणे ३० नंबर आणि ४० नंबर सिंगल ग्रेड लिहिलेलं असायचं, ते आजही मिळतं, टाकलंत तर इंजिन काही बसणार नाही, पण थंडीच्या सकाळी स्टार्टर रडतो आणि वरच्या रॉकरपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो, मग कशाला.

२०डब्ल्यू-४० म्हटलं की एक घोळ हमखास होतो. मोटरसायकलचं पण २०डब्ल्यू-४० च असतं. भाच्याच्या शेजाऱ्यानं नंबर जुळला म्हणून दुकानातून एक-एक लिटरचे मोटरसायकलवाले डबे आणून ट्रॅक्टरमध्ये ओतले. नंबर फक्त घट्टपणा सांगतो. डिझेलची काजळी पोटात धरून ठेवायची, आम्ल मारायचं, ते औषध वेगळं असतं आणि ते डिझेलच्या ऑइलमध्येच पुरेसं घातलेलं असतं. पेट्रोल मोटारीचं ऑइल पण नकोच, त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपायला फॉस्फरस कमी केलेला असतो आणि आपल्या जुन्या कॅम-टॅपेटला नेमका तोच हवा असतो.

आणि सिंथेटिक वाईट का? अजिबात नाही, ते सील खातं वगैरे बोलतात ते आता जुनं झालं. मुद्दा खर्चाचा आहे. सिंथेटिकचा फायदा म्हणजे ते लांब चालतं, पण जुन्या ट्रॅक्टरमध्ये ऑइल म्हातारं होऊन मरतच नाही, ते धुळीनं, काजळीनं, डिझेलनं मरतं. तुम्ही साधं ऑइल भरा नाहीतर तिप्पट किमतीचं, माती दोघांत सारखीच जाणार. त्या पैशात साधं ऑइल दोन-तीनदा फिल्टरसकट बदलून होतं. आमच्या मॅसीत पहिलं ऑइल भरलं तेव्हाच ठरवलं होतं की हे धुवायचं ऑइल आहे, वीस-पंचवीस तास चालवून काढायचं. आतली जुनी गाळ-काजळी नवीन ऑइल सोडवतं आणि ते सगळं फिल्टरला येतं, म्हणून पहिली बदली लवकर. नंतरची शंभर-सव्वाशे तासांवर. फ्लश मारायचं म्हणजे आपल्याकडे काय करतात, डिझेल नाहीतर घासलेट ओतून पाच-दहा मिनिटं इंजिन चालवतात, म्हणजे बेअरिंगांना तेवढा वेळ उपाशी पळवायचं, आणि सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या गाळणीच्या तोंडावर जाऊन बसला की ऑइल प्रेशर गेलंच. त्यापेक्षा चेंबरचे बोल्ट खोला, चेंबर खाली घ्या, गाळणी हातानं धुवा, नवीन पॅकिंग लावा. आमच्या चेंबरच्या तळाशी बोटभर काळं लोणी होतं, त्यात कुठल्याशा जुन्या पॅकिंगचे लाल तुकडे. हे कुठल्या बाटलीतल्या फ्लशनं निघणार होतं? अर्धा दिवस गेला आणि पॅकिंगचे काय ते पैसे.

तास कसे मोजायचे, कारण जुन्या ट्रॅक्टरचा मीटर चालू असेल तर ती बातमी होईल. डिझेलवर मोजा. असा पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर शेतकामात तासाला साधारण तीन-चार लिटर खातो, तर साडेतीनशे-चारशे लिटर डिझेल जळलं की ऑइल बदली, हिशोबाची वही तशीही असतेच. आणि काम कमी झालं तरी वर्षातून एकदा तरी, तेही गाडी उभी करण्याआधी. लोक उलटं करतात, आंबट झालेलं ऑइल चार महिने पोटात ठेवतात आणि दसऱ्याला पूजेच्या आदल्या दिवशी बदलतात, म्हणजे नेमकं उभं असताना बेअरिंगला आम्ल लागत बसतं.

आम्ल म्हणताना एक गोष्ट सांगतो जी त्या लेखात यायला हवी होती. हे ट्रॅक्टर बनले तेव्हा आपल्या डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत असायचं, म्हणजे १०,००० पीपीएम. ते जळून सल्फ्युरिक आम्ल व्हायचं आणि ऑइलातला क्षार ते मारता मारता संपून जायचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक १० पीपीएम. हजारावा भाग राहिला! त्यामुळे जास्त टीबीएनवालं, म्हणजे जास्त क्षाराचं, ऑइल म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका, ती लढाई आता फार राहिलेली नाही. आता ह्याच्यावर गावातले हुशार लोक म्हणतात की गंधक गेलं म्हणजे डिझेल कोरडं झालं, पंप घासणार, म्हणून टाकीत टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल टाका. रोटरी पंपाला डिझेलच वंगण असतं हे बरोबर, पण रिफायनरीत त्यासाठी वेगळं औषध घालतात आणि डिझेलच्या भारतीय मानकात घासणीची हद्दच घालून दिलीय, ४६० मायक्रॉनची. टू-टी ची गरज नाही. एक मात्र होतं, जुन्या डिझेलवर फुगून बसलेली जुनी रबरी सीलं नव्या डिझेलनं आकसतात आणि पंप पाझरायला लागतो, ते झालं तर सील किट बदलायचं, तेल मिसळत बसायचं नाही. आणि इनलाइन पंप असेल तर त्याच्या पोटात वेगळं ऑइल असतं, ते बघायला कोणी जात नाही.

आता गेअर ऑइल. इथं लेखानं खरंच नुकसान होऊ शकतं. जुन्या मॅसीत गेअरबॉक्स, क्राऊन (मागच्या चाकांना फिरवणारा मोठा गेअर) आणि औजार उचलणारी लिफ्ट ह्यांचं तेल एकच. हॅरी फर्ग्युसनची जी करामत, तीन पॉइंटची लिफ्ट, तिचा पंप मागच्या डब्याच्या आत त्याच तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे मागच्या औजाराला फिरवणाऱ्या, शाफ्टवर फिरतो (म्हणून पीटीओ जोडला नाही तर लिफ्ट उचलत नाही, नवीन माणसं इथंच घाबरून मिस्त्री बोलावतात). ब्रिटनमध्ये हे ३५ नंबरचं मॉडेल १९५६ ला आलं, पर्किन्सचं तीन सिलिंडर डिझेल त्यात १९५९ च्या सुमारास बसलं, मद्रासला १९६० मध्ये आपल्याकडची मॅसी बनवणारी टाफे कंपनी सुरू झाली आणि आपल्या १०३५ मध्ये तोच वंश चालत आला. तर ह्या डब्यात तुम्ही आवाज कमी व्हावा म्हणून १४० नंबरचं घट्ट गेअर ऑइल ओतलंत, जे जुने ट्रॅक्टर विकणारे हमखास करतात, तर गेअर चूप होतात पण थंडीत पंपाला ते ओढवत नाही, लिफ्ट उचलायला वेळ लावते, थरथरते. आणि जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जीएल-४ च्या साधारण दुप्पट, ती ट्रक-मोटारींच्या हायपॉइड क्राऊनसाठी. जुन्या गेअरच्या डब्यांत पितळी बुश असतात, पितळी थ्रस्ट वॉशर असतात, गरम झाल्यावर ते गंधक पितळेला खातं. आताचे काही जीएल-५ पितळेला सांभाळून बनवलेले येतात हे मान्य, पण गावातल्या दुकानात ऑइलच्या डब्याच्या मागचं बारीक कोण वाचतंय. पुस्तकात जे लिहिलंय ते टाका, साधं ९० नंबर जीएल-४ म्हटलं असेल तर ते, ट्रॅक्टरचं ट्रान्समिशन-हायड्रॉलिक ऑइल म्हटलं असेल तर ते, "जास्त भारी" म्हणून वरच्या पायरीवर जायचं नाही.

हा गेअरचा डबा रिकामा करताना पण तेच, आधी आटे ढिले करून पाणी बघायचं. गेअर लिव्हरचं रबर फाटलेलं असतं, त्यातून पावसाचं पाणी सरळ आत. आमच्या डब्यातून जे निघालं ते ऑइल म्हणावं की ताक असा प्रश्न होता. मी ते थोडं परातीत घेऊन खालून चुंबक फिरवला, करड्या रंगाची बारीक भुकटी चुंबकाला धरून आली, ती चालते, इतक्या वर्षांत तेवढं झिजणारच. चुंबकाला न येणारी सोनेरी चमक दिसली की मात्र पितळ, तिथं थांबायचं आणि उघडून बघायचं. आमच्यात अगदी एखाद-दोन कण चमकले. बुश गेलाच आहे असं अजून म्हणत नाही, पुढच्या बदलीला बघू. मागच्या चाकाच्या ड्रमवर आतून ओलं दिसत होतं, एक्सलचं सील पाझरून ऑइल ब्रेक शूवर येत होतं, म्हणजे "ब्रेक कमी लागतो" ह्याचं कारण ब्रेकात नव्हतंच. ते मात्र लगेच केलं, कारण भरलेली ट्रॉली मागे असताना प्रयोग नको.

एअर क्लीनरवर लेखात एक ओळसुद्धा नाही ह्याचं मला सगळ्यात आश्चर्य वाटलं. जुन्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर तेलाचा असतो, खाली कप, कपात इंजिन ऑइल खुणेपर्यंत. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये गव्हाचा थ्रेशर आणि पावसाळा संपताना सोयाबीनचा, त्या भुशात ट्रॅक्टर उभा असला की संध्याकाळपर्यंत कपात चिखल. रोज बघायचा, तळाशी गाळ बसला की धुवायचा. खुणेच्या वर भरायचं नाही, जास्त झालं तर इंजिन ते तेल ओढून घेतं आणि मग स्वतःच्याच तेलावर पळत सुटतं, स्टॉपची नॉब ओढली तरी थांबत नाही कारण डिझेल बंद केलं तरी त्याला खायला मिळतंय, हवेच्या नळीवर फळी दाबून बंद करावं लागतं. आणि क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप, तो काढून आत स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर तपकिरी धूळ आली तर कुठंतरी चीर आहे आणि इंजिन माळव्याची काळी माती थेट खातंय, रिंगा आणि बोअर एका हंगामात जातात, मग ऑइल कुठलं टाकलं होतं ह्याची चर्चा करत बसा. पाइपला शंभर-दोनशे रुपये लागत असतील, बोअर-पिस्टनच्या कामाला किती लागतात ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा.

बाकी ग्रीस, फॅनबेल्ट, डिझेल फिल्टर, टॅपेट ह्याबद्दल लेखात लिहिलंय ते बरं आहे. एवढंच जोडतो की पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनला ग्रीस मारताना जॅक लावून वजन काढा, नाहीतर ग्रीस वरून फुगून बाहेर येतं आणि पिन कोरडीच.

आणि पुस्तक हरवलेलं असेल, जुन्या ट्रॅक्टरचं असतंच, तर ज्याच्या-त्याच्या सांगण्यावर जाऊ नका. आपल्याच मध्य प्रदेशात बुधनीला, सीहोर जिल्ह्यात, १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि परीक्षणाची संस्था आहे, देशातल्या ट्रॅक्टरांची तिथं तपासणी होते आणि तिच्या रिपोर्टात कुठल्या डब्यात किती लिटर, कुठलं ऑइल, किती तासांनी बदली हे सगळं छापलेलं असतं. पुरवणीत लेख छापण्याआधी कोणी ते चाळलं असतं तर ५डब्ल्यू-३० छापलं गेलं नसतं.

आता जाता जाता, किंवा खरं तर ह्यासाठीच तुमच्या पेपराची मदत हवीय. ह्या सगळ्या उद्योगात जे काळं ऑइल निघालं त्याचं काय करायचं? गावात कोणी कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावतो, कोणी सेंटरिंगवाल्याला देतो, आणि बरेच जण सरळ नाल्यात सोडतात. इंदूर २०१७ ते २०२३ स्वच्छतेत सलग पहिलं आलं, शहरात गाडी दारात येऊन सहा प्रकारचा कचरा वेगवेगळा नेते, ह्याचा मला अभिमान आहे, पण शहराची हद्द संपली की ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलला वाली नाही. तो नाला कान्ह नदीत, कान्ह शिप्रेत, आणि त्याच शिप्रेवर उज्जैनला २०२८ ला सिंहस्थ आहे. वापरलेलं ऑइल परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी आता कायद्यानं ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवर टाकलीय, १ एप्रिल २०२४ पासून, तरी ज्या दुकानातून आम्ही नवीन बाल्टी घेतली तिथं जुनं परत घ्याल का विचारलं तर दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी उधारी मागितली. मंडीच्या गावांत, देपालपूर, सांवेर, हातोद, महू, जिथं शेतकरी आठवड्याला येतोच, तिथं एकेक टाकी ठेवायला काय लागतं? तुमच्या वार्ताहरांनी हा प्रश्न जिल्हा पंचायतीत आणि कंपन्यांच्या डीलरांकडे विचारावा अशी विनंती. आमचं काळं ऑइल दोन जुन्या डब्यांत बूच घट्ट लावून गोठ्यामागं ठेवलंय, इंजिनाचं वेगळं आणि गेअरचं पाणी मिसळलेलं वेगळं. परवानावाला कोणी गोळा करणारा ह्या बाजूला येत असेल तर त्याचा पत्ता पेपरात छापा, आणि जीएल-५ ची दुरुस्ती कृपया गव्हाच्या थ्रेशरआधी छापा.

आपला,
एक वाचक
सुदामा नगर, इंदूर